वरचे दात आधी

माझ्या मुलीचे पहिले दात आले ते वरचे, आणि मी त्यांचा फोटो काढून घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मूर्खपणा मी आयुष्यात बराच केला आहे, पण इतक्या चांगल्या उजेडात काढलेला मूर्खपणा दुसरा नाही. पोर आठ-नऊ महिन्यांची, तिचा वरचा ओठ मी बोटानं उचललेला, आणि हिरडीतून तांदळाच्या कणीएवढे दोन पांढरे दाणे बाहेर आलेले. खालची हिरडी स्वच्छ, बोडकी. फोटोखाली मी लिहिलं, "बघा, आले एकदाचे."

एरवी या ग्रुपवर कोणी वांग्याचा फोटो टाकला तरी फुलं, अंगठे आणि जोडलेले हात येऊन पडतात. त्या दिवशी सगळ्यांनी फोटो पाहिला आणि कोणी काहीच बोललं नाही. थोड्या वेळानं आईचा फोन आला.

"तो फोटो काढून टाक."

"काहून?"

"काढून टाक म्हतलं ना. भावानं पाह्यला काय?"

भावानं पाहिला होता. निळ्या खुणा उमटल्या होत्या. आई नुसती "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे मुलाचे खालचे दात आधी यावे लागतात. वरचे आधी आले तर ते मामाला भारी. भारी म्हणजे नेमकं काय, हे कोणी सांगत नाही. मोटरसायकल घसरण्यापासून तिरडी बांधण्यापर्यंत त्यात सगळं बसतं. बापाला काही होत नाही, काकाला होत नाही, रोज त्या पोराची लाळ पुसणाऱ्या आईला तर मुळीच होत नाही. संकट गाव, गल्ली विचारत बरोबर मामाच्याच दारात जातं. एवढा अचूक पत्ता कुरियरवाल्यालाही सापडत नाही.

मी मंगरूळपीरला एका शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे दुसरा मूर्खपणा करायला मला वेळ लागला नाही. ग्रुपवरची शांतता मोडायची म्हणून मी दातांवर एक लांबलचक मजकूर लिहिला. दात ज्या दिवशी दिसतो त्या दिवशी तो तयार होत नाही, असं मी समजावून सांगितलं. दिवस गेलेत हे आईलाही धड पटलेलं नसतं, तेव्हाच, दुसऱ्या महिन्यात, गर्भाच्या इवल्याशा जबड्यात दातांची तयारी सुरू होते. आधी एक जाडसर पट्टी, मग त्या पट्टीवर कळ्या. कळीची होते टोपी, टोपीची होते घंटा. ही नावं माझी नाहीत, शास्त्रज्ञांची आहेत, आणि त्यांच्यात एखादा आमच्या बाजूचा असणार अशी माझी खात्री आहे. नाहीतर बाग, बारशाचं टोपडं आणि देऊळ एवढं सगळं एका जबड्यात कोण बसवेल? मग चौथ्या महिन्याच्या सुमारास त्या घंटेत टणक थर चढायला लागतो. बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्या बोळक्याचं आपण कौतुक करतो, पण त्या बोळक्यात हिरडीच्या आत वीसच्या वीस दुधाचे दात हजर असतात, कोणी जास्त तयार, कोणी कमी. पुढच्या कायमच्या दातांतल्याही काहींनी तिथे जागा धरून ठेवलेली असते. पुढे मूळ वाढतं, दात सरकत सरकत कडेला येतो, आणि एके दिवशी हिरडी त्याला वाट देते. बहुतेकांचे खालचे आधी दिसतात, काहींचे वरचे. त्यात कोणाचा मामा आडवा येत नाही.

यावर माझ्या मामांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. आमच्या ग्रुपवर त्याचा अर्थ "पुरे कर" असा होतो.

आता माझ्या भावाबद्दल. तो माझ्याहून धाकटा. अनसिंगच्या बाजूला आमची थोडी बागायत आहे, मेथी, पालक, वांगी, ती तोच पाहतो आणि माल वाशिमच्या बाजारात नेतो. वडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे आई आणि हा. माणूस शूर आहे, यात वाद नाही. फवारणी करताना तोंडाला साधा रुमाल बांधत नाही. ओल्या हातानं मोटारीचा स्टार्टर दाबतो. मेथीचं गाठोडं मागे बांधून मोटरसायकल एका हातानं चालवतो, कारण दुसऱ्या हातात मोबाइल असतो. विहिरीत साप पडला तर साऱ्या शिवारातून यालाच बोलावणं येतं. अशा या बहाद्दराला कणीएवढ्या दोन दातांनी घरात बसवलं.

फोटोनंतर त्याला गांधीलमाशी चावली. मग विहिरीवरची मोटार जळाली. मग वांग्यांवर अळी पडली, जी दरवर्षी पडते. हे सगळं भाचीच्या खात्यात जमा झालं. भाची तेव्हा उताणी पडून स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालत होती आणि इथे मंगरूळपीरात पडल्या पडल्या तिकडच्या मोटारी जाळत होती. पूर्वी बाजार आटोपला की त्याचा रोज व्हिडिओ कॉल यायचा, तिला बघितल्याशिवाय तो चहा पीत नसे. आता मीच केला की म्हणायचा, "नेटवर्क नाई ताई." एवढं स्वच्छ ऐकू येत असताना नेटवर्क नाही म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी चेष्टा करत होते खरी, पण मला वाईट वाटत होतं. खूप वाईट वाटत होतं.

त्यात जावळ जवळ आलं. बाळाचे पहिले केस आमच्याकडे मामाच्या मांडीवर काढतात. न्हावी केस काढतो, आत्या ते झेलते, पण मांडी मामाची. सासरच्यांनी विषम महिना पाहून दिवस धरला, पाहुणे सांगितले, आणि मग नणंदेनं मला विचारलं, "मामा येईन ना?" प्रश्न दिसायला साधा आहे. त्यात विचारलेलं असतं की बाई, तुला माहेर आहे की नाही. मी म्हणाले, येईल ना, न यायला काय झालं? आणि त्या रात्रीपासून माझी झोप गेली.

भावजयीला माझी दया आली असावी. एके दुपारी तिचा फोन आला, आवाज एकदम बारीक.

"ताई, तुमी तो फोटो काहून टाकला वो? आमच्या पोट्ट्याचे बी वरचेच आले होते आधी."

तिचं माहेर मेडशीचं. तिचा भाऊ आमच्या भाच्याचा मामा, आणि त्याच्याच मांडीवर आमच्या भाच्याचं जावळ वाजतगाजत निघालं होतं. मी तिथे जेवून आले होते.

"मंग तू काय केलं?" मी विचारलं.

"काय करतो. दोन महिने मेडशीले गेलीच नाई. भावाले सांगतलं का पोट्ट्याले जुलाब लागले. खालचे आले, मंग गेली. हे डोकं यायचंच होतं."

"यायचं" म्हणजे माझ्या भावाचं. मी तिचा फोन ठेवला आणि लगेच त्याला लावला. या वेळी नेटवर्क होतं.

"तुया पोट्ट्याचे कोणते दात आले होते आधी?"

"तुले कोनं सांगतलं?"

"त्याच्या मामाले काय झालं?"

"काय होईन त्याले? मजेत हाये. ट्रॅक्टर घेतला त्यानं."

"मंग तुलेच काय होणार हाये?"

"त्याले माईत नव्हतं ना ताई," तो अगदी शांतपणे म्हणाला. "मले माईत झालं."

म्हणजे संकटालाही आधी नोटीस द्यावी लागते. ज्याला कळवलं त्याला बाधतं, ज्याला कळवलं नाही तो ट्रॅक्टर घेतो. आणि दुसऱ्याच्या भावावर आलेलं संकट दोन महिन्यांच्या जुलाबात वाहून जातं. स्वतःवर आलं की मात्र ते शास्त्र होतं, वाडवडिलांचं होतं, उगाच का लोक सांगतात असं होतं. मी शाळेत बरोबरच्या बायकांना सहज विचारून पाहिलं. प्रत्येकीच्या पोराचे खालचेच आधी आले होते. एकीचाही अपवाद नाही. मात्र त्यांतल्या निम्म्याजणींच्या पोरांना त्याच वयात कधी जुलाब, कधी गोवर, कधी ताप झाला होता आणि माहेरी जाणं लांबलं होतं. आमच्या भागातल्या पोरांच्या या आजारांचं मूळ मला तेव्हा सापडलं. दवाखान्यात त्यावर औषध मिळणार नाही. मी एकटीच अशी हुशार निघाले की मुलीला ठणठणीत ठेवून फोटो टाकला.

या सगळ्यावर निकाल द्यायला मामा होते, म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आमच्या घरात काय चालतं आणि काय चालत नाही, हे तेच सांगतात. त्यांनी सांगितलं की खालचे येईपर्यंत मामानं भाचीचं तोंड पाहू नये, आणि पाहायचंच झालं तर काशाच्या वाटीत तेल घालून आधी तेलात पाहावं. मी म्हणाले, मामा, हा तोडगा मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या पोराचा आहे, आणि तोही बापासाठी. मामा म्हणाले, "संकट तेच, वाटी बी तीच." एवढ्या काटकसरीचं धर्मशास्त्र मी आधी ऐकलं नव्हतं.

जावळाच्या दिवशी सकाळी मामा एसटीनं आले, पांढरे कपडे, टोपी, आणि आल्या आल्या खुर्ची धरून बसले. आई आधीच आली होती. फोटोच्या दिवसापासून ती या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. स्वयंपाकघरात बसून कांदा चिरत होती आणि मांडीवर पोर खेळवत होती. बाहेरच्या खोलीत सासरची मंडळी पोहे खात होती. न्हावी आपली पेटी उघडून, वाटीत पाणी घेऊन तयार होता. पाट मांडला होता. पाटावर मामा नव्हता.

माझा भाऊ फाटकाबाहेर होता. आला होता, हे कबूल करायला पाहिजे. मेथीची पिशवी त्यानं फाटकाला अडकवली होती आणि मोटरसायकलवर घराकडे पाठ करून बसला होता. नणंद हातात ताट घेऊन दोनदा खिडकीतून पाहून गेली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मामा तिकडूनच जावळ काढते काय?" सगळे हसले. मीही हसले, आणि चपला न घालताच फाटकाशी गेले.

"आत चाल."

"तू काढून घे ना जावळ. मी इथं हाओ ना."

"मांडी पाह्यजे तुयी. फाटकातून येते काय मांडी?"

मग मी त्याला शिकवायला लागले. दुसरं मला काही येत नाही. म्हणाले, "सातव्या महिन्यात मी तिकडं आली होती, आठवते? माया शेजारी बसून जेवला तू. हे दात तवाच होते, पोटात, जबड्यात. अर्धे तयार होते. बारशाले तू तिले घेतलं, तिनं तुया नव्या शर्टावर दूध ओकलं, तवा बी हेच दोन दात तोंडात होते, हिरडीच्या आत. भारी असते तं तवाच भारी झाले असते ना? तुले काय झालं तवा?"

त्यानं खरंच विचार केला. मोटरसायकलच्या आरशाकडे पाहत तो म्हणाला, "तवा झाकेल होते ना."

चुकीची उत्तरं ऐकायची मला सवय आहे, रोज पगार त्याचाच घेते. पण सगळीकडून असं बंद केलेलं चुकीचं उत्तर क्वचित मिळतं. आत असले तर झाकलेले, बाहेर आले तर भारी, माहीत नसले तर हलके. यात बोट घालायला कुठे फट नव्हती. माझं डोकं फिरलं.

"राहू दे मंग," मी म्हणाले. "पण आजपासून मी बी तिकडं पाय ठेवत नाई. दिवाळी नाई अन् राखी नाई. तू सुखरूप राह्य."

तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. पण तो उतरला नाही. मी आत आले. डोळ्यांत पाणी होतं, ते रागाचं होतं असं मी स्वतःला सांगत होते.

आत मामांनी तोवर तोड काढली होती. "पोरीले पाटावर बसवा," ते सांगत होते, "अन् पाटालेच मामा म्हना." सासरे मान हलवत होते. पाट सागवानी होता, चांगला वजनदार. आजारी पडत नव्हता, घाबरत नव्हता, नेटवर्क नाही असंही म्हणत नव्हता. एकूण पाहता सौदा वाईट नव्हता, आणि मी "बसवा मग" असं म्हणणारच होते.

तेवढ्यात आई पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली आणि मामांच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"हिचे बी वरचेच आले होते आधी," ती म्हणाली.

मामांनी तोंडाशी नेलेली चहाची बशी खाली घेतली. "कोनाचे?"

"हिचे." आईनं माझ्याकडे हनुवटी केली. "या पोरीचे."

मला वाटलं, आई माझी बाजू सावरायला काहीतरी रचून सांगते आहे. पण आईला रचून सांगता येत नाही, आणि तिचा चेहरा तसा नव्हता. मामा तिच्याकडे पाहत राहिले. माझं जावळ त्यांच्याच मांडीवर निघालं होतं, हे ते अनेकदा सांगत असत.

"मले काहून सांगतलं नाई?" त्यांनी विचारलं.

"सांगतलं असतं तं तू आला असता काय?"

मामा हातातल्या बशीत पाहू लागले.

"तुले घरी येऊ देलं नाई म्या खालचे येईलोक," आई म्हणाली. "गोवर हाये म्हतलं पोरीले. मंग बलावलं, अन् तुया मांडीवर बसवलं हिले. तवापासून तुले ताप आला का माया घास गिळत नाई. पोटाचं ऑपरेशन झालं तुयं, तवा दवाखान्याच्या पायरीवर बसली होती मी, आत यायची हिंमत नव्हती. मले वाटे म्याच मारलं माया भावाले." तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतली. "एवढी वर्षं झाली. आजबी वाटते."

इतका वेळ मी या गोष्टीवर हसत होते. मामांवर, भावावर, जुलाबांवर. आई हे खरं मानते आणि खरं मानूनही तिनं मला त्यांच्या मांडीवर ठेवलं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना.

मामांनी बशी खुर्चीखाली ठेवली. त्यांनी स्वतःच्या मांडीकडे पाहिलं. मग आईला म्हणाले, "वेडी हायस तू."

मागे दाराशी कोणीतरी होतं. भाऊ कधी आत आला होता कोणास ठाऊक. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो कोणाशी काही न बोलता पाटाशी गेला, बसला, मांडी घातली आणि आईकडे हात केले.

"दे."

आईनं पोर त्याच्याकडे दिली. न्हाव्यानं केस ओले केले, तशी ती चवताळून वळली आणि थेट त्याच्या तोंडासमोर तोंड आणून तिनं भोकाड पसरलं. वरचे दोन दात पुरते दिसत होते. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि पोरीला त्यानं अंगापासून लांब, सैल धरलं होतं. न्हावी म्हणाला, "घट्ट धरा भाऊ, नाईतं लागन तिले." त्यानं तिला छातीशी घट्ट धरलं आणि नजर हटवली नाही.

त्याची भीती गेली नव्हती, मला ती स्पष्ट दिसत होती. आपल्याला आता काहीतरी होणार, असं मानूनच तो तिथे बसला होता. भीत भीत का होईना, त्यानं तिला मांडीवर घ्यावं, मला एवढंच पाहिजे होतं, आणि तेवढ्यासाठी मी त्याला पोटातल्या दुसऱ्या महिन्यापासूनचे दात शिकवत बसले होते.